एल नसलेली काडी आणि कणकवलीचा जिना

कणकवलीतल्या ह्या लॅपटॉपवाल्याला पाच चांदण्यांपैकी चार देते. पाचवी का कापली ते पुढे येईलच. पण ह्या चार मनापासून आहेत, कारण लॅपटॉपची रॅम वाढवण्याच्या ह्याच कामासाठी आधी दुसऱ्या एका ठिकाणी सोळाशे रुपये आणि अख्खा आठवडा घालवून बसले होते.

आमचं घर देवगड तालुक्यात, कुणकेश्वरच्या वाटेवर. समुद्र खिडकीतून दिसत नाही, पण रात्री ऐकू येतो. हापूसची दीडेकशे कलमं आहेत. मोहोरापासून तोडणीपर्यंत सगळं ह्यांच्याकडे. फळ आढीतून पेटीत गेलं की पुढचं माझ्याकडे. फोन घ्यायचे, पत्ते उतरवायचे, पैसे जमा झाले का बघायचं, कोणाची पेटी कुठल्या गाडीने गेली ते कळवायचं, आणि "ताई, दोन फळं डागी निघाली" ह्याला गोड आवाजात उत्तर द्यायचं. सहाशेच्या वर गिऱ्हाइकांची यादी एक्सेलमध्ये आहे. कोणाला पाच डझनी पेटी लागते, कोणाला फळ लहान पण गोड हवं, कोण पैसे अक्षय तृतीयेनंतर देतो, सगळं त्यात.

हा सगळा डोलारा उभा आहे लेनोवोच्या थिंकपॅड टी४४०पी ह्या लॅपटॉपवर. मॉडेल २०१३ सालचं. माझ्या भावाने २०१९ मध्ये मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून वापरलेला घेऊन दिला. मांडीवर घेतला तर पाय बधिर होतो एवढा जड, पण कीबोर्ड असा सुरेख की नव्या पातळ लॅपटॉपांवर माझी बोटं रमतच नाहीत. आय५-४३००एम प्रोसेसर, चार जीबी रॅम (उघडलेली कामं लॅपटॉप जिथे तात्पुरती धरून ठेवतो ती मेमरी). मध्ये एकदा हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे चिपांवर साठवणारी वेगवान डिस्क, टाकली, तेव्हा तो सुरू व्हायला लागणारा वेळ चहा उकळण्यावरून चहा गाळण्यावर आला. पण सीझन सुरू झाला, व्हॉट्सॲप वेब, एक्सेल, बँकेचं पान आणि कुरिअरचं पान एकदम उघडं ठेवलं की पुन्हा रडगाणं. गेल्या एप्रिलमध्ये तो असाच मध्ये अडकला, मी वैतागून दोनदा पेस्ट दाबलं, आणि नाशिकच्या गिऱ्हाइकाचा पत्ता नागपूरच्या पेटीवर गेला. ती पेटी नाशिकच्या माणसाने आनंदाने खाल्ली. नागपूरला दुसरी पाठवावी लागली.

रॅमच कमी पडते हे कशावरून, असं ह्यांनी विचारलं. बरोबर होतं विचारणं. आंबा का गळतो हे न बघता फवारणी करणाऱ्यांतले ते नव्हेत. म्हणून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरीवर गेलं की सगळं मांडून ठेवलेलं असतं: किती आहे, किती वापरात आहे, वेग किती, आणि खाली बारीक अक्षरात, किती खाचांपैकी किती भरलेल्या. माझ्याकडे चार जीबीतली जवळजवळ सगळी वापरात, आणि दोन खाचांपैकी एक रिकामी. म्हणजे जुनी न काढता शेजारी नवी बसणार. इथपर्यंत मी हुशार होते.

(रॅमच्या त्या पट्टीला दुकानदार स्टिक म्हणतात. मी काडी म्हणते. कलम बांधणाऱ्यांच्या घरात काडी हाच शब्द तोंडात असतो.)

पुढे मी जे केलं ते हुशारीचं नव्हतं. जवळच्याच एका दुकानात गेले. प्रिंटर, मोबाइलची कव्हरं, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, सगळं एका छपराखाली. म्हटलं, लॅपटॉपला आठ जीबी रॅम हवी. त्याने विचारलं, "डीडीआर तीन का चार?" म्हणजे रॅमची पिढी कितवी. मी आदल्या रात्री बघून ठेवलं होतं, तीन. त्याने काचेखालून पाकीट काढलं, मी सोळाशे दिले. दोन मिनिटांत काम. लॅपटॉप कुठला, हे त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

घरी येऊन स्वतःच बसवली. टी४४०पीत ते अगदी सोपं आहे: मागची बॅटरी खिटी सरकवून बाहेर काढायची, खालच्या झाकणाचे दोन स्क्रू सैल करायचे, झाकण सरकवून उचललं की रॅम समोर. काडी तिरकी धरून खाचेत सारायची, मग खाली दाबायची, दोन्ही बाजूंच्या चिमट्या कट्ट करून बसतात. बसली. इतकी नीट बसली की मला वाटलं झालंच. बटण दाबलं. पंखा फिरला, पीं पीं झालं, पडदा काळा. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. नवी काढली, तर जुन्या चार जीबीवर बिचारा निमूट सुरू झाला.

दुकानदाराकडे गेले तर त्याने बघायच्या आधीच निदान सांगितलं: "तुमच्या लॅपटॉपची दुसरी खाच गेलीय. मदरबोर्ड बदलावा लागेल. एवढ्या जुन्या मशिनला कशाला खर्च करता, नवीन घ्या." मी म्हटलं, मग जुनी काडी त्या दुसऱ्या खाचेत घालून बघू या की. त्याला वेळ नव्हता. पाकीट फोडल्यावर माल परत नाही. फार तर त्याच पैशात एक माउस आणि कीबोर्ड न्या म्हणाला. मी नेला नाही. घरी येऊन जुनी काडी दुसऱ्या खाचेत घातली, लॅपटॉप सुरू झाला. म्हणजे खाच ठणठणीत होती आणि त्याचं निदान फुकटचं होतं.

भाचा कोल्हापूरला शिकतो. तो म्हणाला, "मामी, डीडीआर चार घे, फास्ट असते." ती तर बसणारच नव्हती. लॅपटॉपच्या डीडीआर तीनच्या काडीला सोनेरी पाय २०४, चारच्या काडीला २६०, आणि पायांमधली फट वेगळ्या जागी. दोन पिढ्या एकमेकींत घुसूच नयेत म्हणूनच ती फट हलवलेली असते. भाच्याचं सोडा. माझी चुकीची काडी मात्र अगदी मापात बसली होती, आणि खरा घोळ तिथेच होता. न बसणारी वस्तू फसवत नाही. फसवते ती बसणारी.

मग ह्यांच्या एका मित्राने कणकवलीतल्या ह्या माणसाचा नंबर दिला. फोनवर पहिलंच वाक्य: "वयनी, जुनी काडी काढा नि दोन्ही बाजूंचो फोटो धाडा. नवी पण. आणि लॅपटॉपाखालचो नंबर." किती जीबी हवी हे त्याने विचारलंच नाही. फोटो पाठवून पाच मिनिटं झाली असतील, उलट फोन: "तुमका ही कोणी दिल्यान? ह्येच्यावर एल खंय आसा?"

दोन्ही काड्या शेजारी ठेवून मी चष्मा लावला. जुनीवर लिहिलं होतं: ४जीबी १आरएक्स८ पीसी३एल-१२८००एस. नवीवर: ८जीबी २आरएक्स८ पीसी३-१२८००एस. एवढं सगळं सारखं, आणि मधला एक एल गायब. सोळाशे रुपयांचा एल.

जानेवारीतल्या एका सकाळी ह्यांनी जामसंड्यापर्यंत मोटरसायकलने सोडलं, तिथून एसटी. तळेबाजार, शिरगाव, नांदगाव तिठा करत कणकवलीला उतरले तेव्हा एक वाजायला आला होता. दुकान पटवर्धन चौकापासून चालत पाच मिनिटांवर, एका कापडवाल्याच्या वर. खाली पाटी आहे, पण कापडवाल्याने बाहेर लावलेल्या गाउनांच्या मागे. जिना अरुंद, वर दिवा नाही. मी धापा टाकत वर पोचले तर कुलूप. एक ते चार बंद! हे फोनवर सांगायला काय झालं होतं? कोकणातल्या बाईला दुपारची झोप नवी नाही, आमच्याकडेही दुपारी हाक मारलीत तर कुत्रासुद्धा ओ देणार नाही. पण पन्नासेक किलोमीटर लांबून माणूस यायचा आहे हे माहीत असताना एवढं सांगावं. तीन तास मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले, एक उसळपाव आणि दोन चहा. पाचव्या चांदणीतला अर्धा भाग इथे गेला.

चारला तो आला. वय तिशीच्या आत, शर्टाच्या खिशात स्क्रू ड्रायव्हर, पेनासारखा लावलेला. टेबलावर हिरवी रबरी चटई, तिला वायर. त्याने मनगटाला पट्टा लावला, तो चटईला जोडला, मग माझ्या लॅपटॉपला हात लावला. अंगातली स्थिर वीज चिपला मारू शकते म्हणून. मी घरी सिंथेटिक साडीवर, सतरंजीवर बसून हे काम केलं होतं. त्याला सांगितलं नाही.

एलचा अर्थ त्याने सांगितला तो असा. साधी डीडीआर तीन १.५ व्होल्टवर चालते. एलवाली १.३५ व्होल्टवर. एल म्हणजे लो, कमी. इंटेलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचे लॅपटॉप १.५ चालवून घेतात. चौथ्या पिढीपासून लॅपटॉपांना १.३५ चीच लागते, कारण रॅमशी बोलणारा भाग प्रोसेसरच्याच पोटात असतो आणि त्याला वीज वाचवायची असते. एलवाली काडी १.५ वरही चालते, म्हणून ती जुन्या लॅपटॉपातही जाते. उलट मात्र नाही. आणि पिढी ओळखायची कशी? नवव्या पिढीपर्यंत तरी, प्रोसेसरच्या आकड्याचा पहिला अंक. ४३०० म्हणजे चौथी. ३२१० असता तर तिसरी, आणि माझी सोळाशेची काडी बिनतक्रार चालली असती.

पुढचा १२८०० हा आकडा मला दरवेळी घाबरवायचा. त्याला आठने भागायचं, १६०० येतात, तोच टास्क मॅनेजरमध्ये दिसणारा वेग. १०६०० असेल तर १३३३ ची. वेगात थोडं मागेपुढे चालतं, दोन वेगळ्या वेगांच्या काड्या घातल्या तर दोघी हळू असलेलीच्या चालीने चालतात. शेवटचा एस म्हणजे लॅपटॉपची आखूड काडी. मोठ्या कॉम्प्युटरची लांब असते, ती कोणी चुकून विकली तर निदान डोळ्यांना तरी कळतं.

मग त्याने तीन काड्या चटईवर मांडल्या. तिन्ही आठ जीबी, तिन्हींवर पीसी३एल-१२८००एस. मी म्हटलं, मग तिन्ही चालतील. तो हसला आणि त्यातली एक बाजूला सारली. "ही तुमच्या मशिनात चलाची नाय."

का नाही? मोजा म्हणाला. त्या काडीवर काळ्या चिप फक्त आठ होत्या. बाकी दोघींवर एका बाजूला आठ, दुसऱ्या बाजूला आठ, मिळून सोळा. हिशोब असा: चौथ्या पिढीचा प्रोसेसर एका चिपमागे चार गिगाबिटच ओळखतो. सोळा चिप गुणिले चार म्हणजे चौसष्ट गिगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट म्हणून भागिले आठ, झाले आठ जीबी. जी काडी आठच चिपांत आठ जीबी बसवते, तिच्यातली एकेक चिप आठ गिगाबिटची असते. ती पुढच्या पिढ्यांसाठी. माझ्या प्रोसेसरला ती वाचताच येत नाही. स्टिकरवर हे लिहिलेलं असतं: आठ चिप असतील तर १आरएक्स८, सोळा असतील तर २आरएक्स८. चार जीबीच्या माझ्या जुन्या काडीवर १आरएक्स८ होतं ते ठीकच होतं, आठ चोक बत्तीस, भागिले आठ, चार. आठ जीबीच्या काडीवर मात्र माझ्या लॅपटॉपसाठी २आरएक्स८ च हवं. म्हणूनच ह्या लॅपटॉपची कमाल मर्यादा दोन खाचांत मिळून सोळा जीबी.

हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. सोळाशेवाल्या दुकानात चुकून एलवाली मिळाली असती, पण आठ चिपांची, तर पुन्हा काळा पडदा, पुन्हा मदरबोर्ड. रायवळाच्या कोयीवर हापूसची काडी जगते हे आमच्या घरात पोरांनाही माहीत आहे. पण काडी केवढ्या जाडीची, कुठल्या झाडाची, कोय किती दिवसांची, हे न बघता बांधलेलं कलम आठवड्यात काळं पडतं. बांधलेलं दिसतं छानच.

दोन उरल्या. एक नवी कोरी, नामांकित कंपनीची, बरीच वर्षं वॉरंटी, पण २०२५ च्या दिवाळीपासून मेमरीचे भाव चढले होते म्हणून महाग. दुसरी एका बंद पडलेल्या लॅपटॉपातून काढलेली, सॅमसंगची, तेराशे रुपये, सहा महिने त्याची स्वतःची हमी. मी साहजिकच नवीकडे हात केला. त्याने अडवलं नाही, फक्त म्हणाला, जी काडी लॅपटॉप बनवणाऱ्याने कारखान्यातून घालून दिली होती, ती ह्या पिढीत चालून दाखवलेली आहे. नवी चालेल, पण पैसे जास्त जातील.

आता स्टिकरवर किती विश्वास ठेवायचा हे देवगडच्या माणसाला शिकवायला नको. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी अजून परप्रांतातला आंबा देवगडच्या नावाच्या पेटीत भरून विकला जातो आणि शिव्या आम्ही खातो. म्हणून विचारलं, हे सॅमसंगचं स्टिकर खरं कशावरून? त्याला राग आला नाही. मोबाइलचा कॅमेरा मोठा करून त्याने चिपवरची बारीक अक्षरं दाखवली, तिथेही सॅमसंग. मग काडी लॅपटॉपात घालून सीपीयू-झेड नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर उघडलं. त्यात एसपीडी म्हणून भाग असतो. काडीच्या पोटात एक इवलीशी चिप असते, ती स्वतःची कुंडली सांगते: बनवणारा कोण, मॉडेल नंबर, कुठल्या वर्षाच्या कितव्या आठवड्यात बनली. स्टिकर, चिपवरची छपाई आणि ही कुंडली, तिन्हींचं एकच म्हणणं. मी तेराशेवाली घेतली.

सोळा करायची का, म्हणजे जुनी चारची काढून आठ-आठची जोडी, असंही विचारलं. त्याने उलट विचारलं, "काय काय उघडा ठेवतास?" मी यादी सांगितली. म्हणाला, आठ आणि चार बारा पुरे. आठ-आठची जोडी घातली तर दोन्ही काड्यांतून एकदम काम चालतं, लग्नाचे व्हिडिओ कापणारी पोरं तेवढ्यासाठी जोडीच नेतात. आठ-चारमध्येही चार-चारपुरतं तसंच चालतं, उरलेली चार एकटी. पत्ते लिहिणाऱ्याला फरक कळायचा नाही. जास्तीची वस्तू न विकणारा दुकानदार मला फार वर्षांनी भेटला.

विंडोज ६४ बिट आहे ना हेही त्याने बघितलं. ३२ बिट असेल तर कितीही रॅम घाला, चारच्या वर त्याला दिसत नाही.

लॅपटॉप त्याने ठेवून घेतला. "माका एक दिवस होयो. उद्या येवा." रात्रभर मेमटेस्ट८६ लावतो म्हणाला: पेनड्राइव्हवरून विंडोजच्या आधीच सुरू होणारी चाचणी, रॅमच्या प्रत्येक कप्प्यात काहीतरी लिहून पुन्हा वाचून बघते. आधी नवी एकटी, मग दोघी मिळून. वापरलेल्या मालाला ही चाचणी लावल्याशिवाय तो देत नाही, आणि पैसे ह्याचे वेगळे घेत नाही. पण त्या रात्री लाईट गेली, माझी बॅटरी वीस मिनिटांवर टिकत नाही, चाचणी मध्येच गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन, आज नको, उद्या. सांगितलं तरी, हे बरं केलं. नाहीतर मी पुन्हा त्या जिन्यावर.

तिसऱ्या दिवशी गेले ती पाचच्या सुमाराला. आता शहाणी झाले होते. त्याने माझ्यासमोर उघडून दाखवलं. जुन्या काडीचे पाय काळपट झाले होते, दोन जागी हिरवट ठिपका. समुद्राजवळच्या घरातून आलेलं मशिन पाय बघूनच कळतं म्हणाला, खारी हवा. खोडरबराने त्याने हलक्या हाताने पुसले, मग ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने रबराचा चुरा काढला. नुसतं खोडरबर घासून तसंच बसवतात त्यांच्या खाचेत चुरा राहतो, आणि पुढे ओल धरतो. पावसाळ्यात लॅपटॉप कपाटात बंद करून ठेवू नका, रोज तासभर तरी चालू ठेवा, म्हणजे आतून सुकतो. बुटांच्या खोक्यातली सिलिकाची पुडी बॅगेत टाका. हे मी आल्या आल्या केलं. पुडी ह्यांच्या नव्या चपलांच्या खोक्यात मिळाली.

बटण दाबलं. पडदा काळा. रॅम बदलल्यावर पहिल्यांदा जरा वेळ घेतो हे त्याला माहीत होतं, मला नव्हतं. माझ्या पोटात गोळा. मग लेनोवोची अक्षरं आली. एफ१ दाबून विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या पानावर नेलं, तिथे लिहिलेलं: १२२८८ एमबी. भागिले १०२४, बारा. विंडोजमध्ये बारापैकी ११.७ वापरता येण्याजोगी दिसते. बाकीची कुठे गेली म्हणून मी लगेच डोळे वटारले. ती पडद्यावर चित्र काढणाऱ्या भागासाठी राखून ठेवलेली असते, चारची होती तेव्हाही जातच होती.

फरक? सगळं एकदम उघडलं तरी आता सहाच्या आसपास वापरात दिसते, निम्मी मोकळी. व्हॉट्सॲपवरून पत्ता उचलून एक्सेलमध्ये टाकताना मधला तो श्वास कोंडणारा थांबा गेला. जे बदललं नाही तेही सांगते: सुरू व्हायला लागतो तेवढाच वेळ लागतो, ते एसएसडीचं काम. कुरिअरचं पान पूर्वीइतकंच रेंगाळतं, कारण तिथे गाडी नेटवर्कपाशी अडलेली असते, आणि आमच्या वाडीत ते आंब्याच्या कलमावर चढलं तरच नीट येतं. बॅटरीही तशीच.

ह्यापुढे ह्या लॅपटॉपवर पैसे घालू नका, असं त्यानेच सांगितलं. माझ्या विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे, माझी चौथी. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या जादा सुरक्षा अपडेटसाठी त्याने नोंदणी करून दिली, आणि पुढे विंडोजऐवजी लिनक्स घालून बघू म्हणाला. एक-दोन सीझन तरी निघतील. नवा घ्यायला गेलात तर रॅम बोर्डावरच चिकटवलेली नाही ना हे आधी विचारा, हेही त्याचंच. माझ्याच लॅपटॉपचा भाऊ, पी नसलेला टी४४०, त्यात चार जीबी बोर्डावर चिकटवलेली आणि खाच एकच. आणि आजच्या कितीतरी पातळ लॅपटॉपांत तेवढीही नाही. एका अक्षराने माझं किती भलं झालं आणि एका अक्षराने किती नुकसान, हे परतीच्या एसटीत मोजत बसले होते.

तक्रारी उरल्या त्या ह्या: खालच्या झाकणाचा एक रबरी बूट त्याच्याकडे हरवला, त्याजागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवून दिला. चालतो, पण टेबलावर लॅपटॉप किंचित डुलतो. बिल साध्या वहीच्या कागदावर; त्यावर काडीचा पूर्ण नंबर, तारीख आणि "६ महिने" असं मात्र स्पष्ट लिहिलेलं. जिन्यावर दिवा लावावा. आणि एक ते चार बंद हे फोनवर सांगावं, बाहेरगावच्या माणसाला तरी.

एल नसलेली काडी मी त्याच्याकडेच सोडून आले होते, बघ कोणाला बसली तर, म्हणून. मी विसरूनही गेले. दहा-बारा दिवसांनी फोनवर टुण्ण झालं: नऊशे रुपये जमा. खाली निरोप, तिसऱ्या पिढीचा एक लॅपटॉप आला होता, शाळेतल्या मास्तरांचा, त्यात ती बसली आणि चालली. त्याने त्यातले स्वतःसाठी काय ठेवले ते मी विचारलं नाही. मार्चच्या पहिल्या तोडणीतली एक डझन त्याला पाठवली, दुपारी चारनंतर पोचेल अशी.